ब्लूज-फोक गायकाचं सगळं काम क्रमाने कसं ऐकावं

ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) किंवा फोक (लोकगीतं) गाणाऱ्याची पूर्ण डिस्कोग्राफी, म्हणजे त्याची सगळी ध्वनिमुद्रणं, ऐकायला घेतलेली बहुतेक माणसं एकाच जागी अडकतात. ॲप उघडायचं, गायकाचं नाव टाकायचं, समोर आलेली अल्बमची यादी एका टोकाकडून ऐकायला लागायचं. चौथ्या दिवशी तेच गाणं तिसऱ्यांदा वाजतं. १९३६ सालचं गाणं १९९० च्या अल्बमात सापडतं. ठाणे-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये तर घरघरीपलीकडे काही ऐकूच येत नाही. मग ‘ब्लूज आपल्या कानाचा नाही’ असा निकाल लावून माणूस मोकळा होतो.

खरी अडचण साधी आहे. ॲपमध्ये दिसतं ते पुनर्प्रकाशनाचं वर्ष. गायक मायक्रोफोनसमोर कधी बसला होता, ते तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपल्याला शोधून लिहून काढावं लागतं, आणि तेही ऐकायला सुरुवात करण्याआधी. खालच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त काम प्ले दाबण्यापूर्वीचं आहे. लोक नेमकं तेच गाळतात.

## टप्पा १: माणूस निवडताना आकार बघा

पहिला गायक लहान घ्या. लहान म्हणजे ध्वनिमुद्रणांची संख्या कमी असलेला.

रॉबर्ट जॉन्सनची गाणी फक्त २९ आहेत. उपलब्ध सगळे टेक (एकाच गाण्याची वेगवेगळी मुद्रणं) धरले तरी दोन तासांच्या आत संपतात. मिसिसिपी जॉन हर्टची १९२८ ची गाणी १३. स्किप जेम्सच्या १९३१ च्या बाजू १८ (तबकडीच्या एका बाजूला एक गाणं). फोककडे ओढा असेल तर निक ड्रेक घ्या: हयातीत आलेले अल्बम तीन, १९६९, १९७१ आणि १९७२ चे.

जॉन ली हूकर, लायटनिन हॉपकिन्स, बॉब डिलन यांच्यापासून कृपा करून सुरुवात करू नका. ही नावं ओळखीची असतात म्हणून सगळे तिथेच उडी मारतात आणि तिथेच बुडतात. हॉपकिन्सने इतक्या कंपन्यांसाठी इतकं गायलं आहे, की पद्धत अंगवळणी पडल्याशिवाय त्याची यादीसुद्धा पूर्ण होणार नाही.

तपासा: निवडलेल्या गायकाचं एकूण काम अंदाजे किती तासांचं आहे, ते एका ओळीत लिहिता येतं का? येत नसेल तर दुसरा माणूस घ्या.

## टप्पा २: ‘पूर्ण’ म्हणजे कुठपर्यंत, ते ठरवा

ही सीमा आधी आखली नाही तर काम कधीच संपत नाही. जॉन्सनची गाणी २९ असली तरी टेक जास्त आहेत. त्या काळी एकच गाणं दोनदा मुद्रित करून ठेवण्याची रीत होती, एक प्रत बिघडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. १९९० मध्ये आलेल्या त्याच्या संचात ४१ टेक होते, पुढे आणखी एक सापडला आणि ४२ झाले. तुम्ही २९ ऐकणार की ४२?

माझा सल्ला असा: दुसऱ्या महायुद्धाआधीचा गायक असेल तर सगळे टेक घ्या, कारण मुळात ऐवजच थोडा आहे. एलपीच्या (लाँग-प्ले तबकडीच्या) काळातला असेल तर स्टुडिओ अल्बम आणि अल्बमात न आलेल्या सुट्या रेकॉर्ड एवढंच घ्या. मैफलींची मुद्रणं, मुलाखती, दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवलेली साथ यांची वेगळी पानं करा आणि ती मागे ठेवा.

## टप्पा ३: यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वही चालेल, एक्सेल चालेल. रकाने असे: मुद्रणाची तारीख, गाव, मॅट्रिक्स नंबर, गाण्याचं नाव, टेक, सोबत कोण, कोणत्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीच्या छापावर), कोणत्या नावाने.

मॅट्रिक्स नंबर बघून लोक बिचकतात, पण सगळी किल्ली त्यातच आहे. मुद्रण करताना मूळ तबकडीला जो नंबर दिला जाई, तो हा. दुकानात विकला जाणारा कॅटलॉग नंबर वेगळा. जॉन्सनच्या ‘काइंड हार्टेड वुमन ब्लूज’चा पहिला टेक एसए-२५८०-१ आहे. एसए म्हणजे सॅन अँटोनिओ, २५८० हा त्या गाण्याचा नंबर, शेवटचा १ म्हणजे पहिला टेक. डल्लासच्या त्याच्या मुद्रणांना डीएएल हे अक्षर-चिन्ह आहे. नंबर क्रमाने लावले की गाणी ज्या क्रमाने मुद्रित झाली तो क्रम बहुधा आपोआप उभा राहतो.

मग दिसतं की जॉन्सनची सगळी कारकीर्द पाच दिवसांची आहे: १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओला २३, २६ आणि २७ तारीख, आणि १९३७ च्या जूनमध्ये डल्लासला १९ आणि २०. ऑगस्ट १९३८ मध्ये तो वारला. १९६१ च्या ज्या एलपीने तो नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला, ती ‘क्रॉस रोड ब्लूज’ने सुरू होते. ते मुद्रण २७ नोव्हेंबरचं, म्हणजे पहिल्या खेपेच्या शेवटच्या दिवसाचं. एलपीच्या क्रमाने ऐकणारा पहिल्याच गाण्याला मधल्या पानावर उतरतो.

पुढे शिकागोत विजेरी गिटारवर नाव कमावलेल्या मडी वॉटर्सच्या बाबतीत घोळ याहून मोठा आहे. १९४१-४२ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी त्याला मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर मुद्रित केलं. ती मुद्रणं एलपीच्या रूपात आली १९६६ ला. प्रकाशनाच्या वर्षानुसार लावलंत तर शेतावर राबणारा तरुण मडी शिकागोच्या विजेरी गिटारीनंतर अवतरतो. १९५८ ची त्याची पहिली एलपी हीसुद्धा अल्बम म्हणून मुद्रित झालेलीच नाही. १९४८ ते १९५४ मधल्या सुट्या रेकॉर्ड तिच्यात गोळा केल्या आहेत. तिला मोडा आणि एकेक गाणं आपापल्या तारखेला नेऊन बसवा.

माहिती कुठून घ्यायची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेचा अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांचा कोश मोफत आहे. त्यात अनेक जुन्या लेबलांची मुद्रणं तारीख आणि मॅट्रिक्स नंबरासकट मिळतात. युद्धाआधीच्या ब्लूजसाठी डॉक्युमेंट लेबलचे संच पाहा. ते मुळातच कालक्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे त्यांची गाण्यांची यादी उतरवून घेतली तरी अर्धं काम होतं. लेबलचे फोटो बघायला डिस्कॉग्स ही वेबसाइट बरी. फोकसाठी स्मिथसोनियन फोकवेज: मूळ फोकवेज लेबलचे दोन हजारांहून जास्त अल्बम त्यांनी उपलब्ध ठेवले आहेत आणि सोबतच्या पुस्तिका पीडीएफमध्ये फुकट देतात. पुस्तिका उतरवून घ्याच. मुद्रण कुणी, कुठे, कधी केलं हे अनेकदा तिच्यातच असतं.

सावधान, नावं. एकच माणूस अनेक नावांनी गायला आहे. ब्लाइंड विली मॅकटेल कोलंबियासाठी ब्लाइंड सॅमी होता, ओके (OKeh) लेबलसाठी जॉर्जिया बिल, व्हिक्टरवर एकदा हॉट शॉट विली, १९४९ मध्ये अटलांटिकसाठी बॅरलहाउस सॅमी. हूकर एका कंपनीशी करार असताना दुसरीकडे टेक्सस स्लिम, बर्मिंगहॅम सॅम, डेल्टा जॉन अशा नावांनी गात राहिला. चार्ली पॅटनची एक रेकॉर्ड पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीसाठी ‘मास्क्ड मार्व्हल’ नावाने काढली, ओळखा पाहू म्हणून. गायकाचं एकच नाव टाकून शोधलंत तर हे सगळं निसटतं.

उलटाही घोटाळा आहे. सनी बॉय विल्यमसन दोन होते. पहिला जॉन ली विल्यमसन, १९३७ पासून मुद्रणं, १९४८ मध्ये त्याचा खून झाला. दुसरा राइस मिलर, १९५१ पासून मुद्रणं, मृत्यू १९६५. दोघेही माउथ ऑर्गन वाजवत, आणि ॲप त्यांना सर्रास एकाच पानावर टाकतं. १९४८ नंतरचं काही दिसलं की ते पहिल्याचं नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

तपासा: यादीत तारखेविना किती ओळी उरल्या? थोड्या असतील तर शेवटी ठेवा. निम्म्या उरल्या असतील तर यादी झालेलीच नाही. नवरात्राच्या गोंगाटात ठाण्याच्या टेंभी नाक्याच्या आसपास राहणाऱ्यांना ऐकणं तसंही जमत नाही. ते दिवस यादीला द्या.

## टप्पा ४: एका गाण्याची एकच प्रत

जुनं गाणं ॲपवर दहा-वीस ठिकाणी सापडतं. त्यातले बरेच संच कुठूनतरी उचललेले असतात. प्रत निवडताना तीन गोष्टी बघा.

पहिली, खरखर. ती असणारच. पॅरामाउंटच्या तबकड्यांचा मालच हलका होता, आणि मूळ धातूचे साचे उरले नसल्याने घासलेल्या तबकड्यांवरूनच आजच्या प्रती होतात. खरखर पूर्ण गेलेली प्रत सापडली तर खूश होऊ नका. तिच्यासोबत गिटारच्या वरच्या तारांची धारही गेलेली असते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. थोडी खरखर असलेली प्रत घ्या. दहा मिनिटांत कान तिला मागे सारतो.

दुसरी, वेग. ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) म्हणवली जाणारी तबकडी नेमकी ७८ नेच मुद्रित झाली असेल याची खात्री नसते. घरात पेटी असेल तर दोन प्रतींचा स्वर लावून पाहा. एक पांढरी चारला आणि दुसरी काळी तीनला येत असेल, तर वेगात जवळपास सहा टक्क्यांचा फरक आहे. पेटी नसेल तर ॲपमधली लांबी बघा. तीन मिनिटांच्या गाण्यात दहा सेकंदांचा फरक दिसला की समजावं. बरोबर कोणती, हा वाद अभ्यासकांतही चालतो. आपण एका संचाची प्रत धरावी आणि शेवटपर्यंत सोडू नये.

तिसरी, पुन्हा गायलेली गाणी. साठच्या दशकात बऱ्याच ज्येष्ठांनी आपली जुनी गाणी नव्याने मुद्रित केली. नाव तेच, गायक तोच, अंतर तीस-पस्तीस वर्षांचं. खरखर अजिबात नसेल आणि वर्ष १९२८ लिहिलं असेल, तर ते बहुधा नवं मुद्रण आहे.

## टप्पा ५: कुठे आणि केव्हा

युद्धाआधीची मुद्रणं लोकलमध्ये पहिल्यांदा ऐकू नका. तबकडीची खरखर, डब्यातले पंखे आणि रुळांचा आवाज एकमेकांत मिसळतात, हाती फक्त डोकेदुखी लागते. पहिली ऐकणी घरी, कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर, पंखा एकवर ठेवून. दुसरी ऐकणी प्रवासात चालते, कारण तोवर गाणं ओळखीचं झालेलं असतं.

ठाणे-वाशी गाडीचा अर्धा तास त्याला बरा आहे, विशेषतः सकाळी ऐरोली-घणसोलीला डबा मोकळा झाल्यावर. घोडबंदर रोडला कासारवडवली ते माजिवडा अडकून पडणाऱ्यांनी गाडीत १९५० नंतरची शिकागोची मुद्रणं लावावी. ढोल, बास, विजेरी गिटार, सगळं एसीच्या आवाजावरही ऐकू येतं. येऊरच्या जंगलात चालताना एक कान मोकळा ठेवा, बिबट्यापेक्षा दुचाकीवाल्यांसाठी. आणि रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही इअरफोन काढा. यात चर्चेला जागा नाही.

एका बैठकीला एक सेशन (गायकाची एका दिवसाची मुद्रणं), त्याहून जास्त नाही. ते बहुधा थोड्याच गाण्यांचं असतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि घेणारा माणूस दोनच बाजू घरी नेत असे. सलग पंचवीस ऐकल्यावर ‘सगळी सारखीच वाटतात’ ही तक्रार येते, ती या घाईतून. दोन गाणी ऐका, थांबा, उठून पाणी प्या, मग पुढची दोन.

## टप्पा ६: ऐकताना काय करायचं

प्रत्येक गाणं किमान दोनदा. पहिल्यांदा शब्द समोर न ठेवता. आवाज कुठे चढतो, गिटार आवाजाच्या मागे आहे की त्याला उत्तर देते, तेवढंच. दुसऱ्यांदा शब्द घेऊन. इंटरनेटवरचे शब्द ऐकून उतरवलेले असतात आणि दोन ठिकाणी दोन तऱ्हा आढळतात, तेव्हा त्यांना प्रमाण मानू नका.

ब्लूजचा एक साधा साचा माहीत असू द्या: पहिली ओळ, तीच पुन्हा, मग यमक जुळवणारी तिसरी, बारा मात्रागटांत. पण जुन्या गायकांनी तो सरसकट पाळलेला नाही. एकटाच वाजवणारा माणूस ओळ लांबवतो, मात्रा कमी-जास्त करतो. कुठे लांबवली, याची नोंद करा. तिथेच त्या गायकाची चाल पकडीत येते.

नेहमीची चूक: एखादी ओळ दुसऱ्या गायकाकडे आधी ऐकलेली असते, लगेच चोरीचा आरोप होतो. जात्यावरच्या ओव्यांत जशी एखादी ओळ गावोगाव फिरते आणि कुणाचीच नसते, तशाच या कडव्यांच्या ओळी. यादीत फक्त खूण करा, हिशेब शेवटी.

सेशन संपेपर्यंत गुण द्यायचे नाहीत. गाणं मधेच सोडायचं नाही, पण ‘पुन्हा नको’ असं बिनधास्त लिहायचं. सगळं ऐकायचं म्हणजे सगळं आवडलंच पाहिजे असा नियम नाही.

नोंद छोटी ठेवा. नमुना: ‘दुसरा टेक. सुरुवात संथ. शेवटचं कडवं गाळलं. पहिल्यापेक्षा गिटार स्वच्छ, आवाज दबलेला.’ ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडणारं’ वगैरे लिहून महिन्याभराने आपल्यालाच काही कळत नाही.

## टप्पा ७: मोकळ्या जागा

यादीत मोठ्या दऱ्या दिसतील. काही सगळ्यांना सामायिक आहेत: १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची मंदी, आणि १९४२ ते १९४४ मधला वादक संघटनेचा मुद्रणांवरचा बहिष्कार. काही एकेकट्याच्या आहेत. हर्ट १९२८ नंतर थेट १९६३ मध्ये सापडला. स्किप जेम्स १९३१ नंतर १९६४ मध्ये, सन हाउसही त्याच वर्षी.

दरी आली की दोन-चार दिवस थांबा, मग पुढे जा. १९३१ चा जेम्स आणि १९६४ चा जेम्स एकाच रात्री ऐकलेत तर वयाचा फरक सोडून काही ऐकू येणार नाही. दोन काळांची दोन वेगळी पानं करा. तरुणपणीचं ते खरं आणि म्हातारपणीचं ते उरलंसुरलं, हा निकाल घाईचा आहे. हर्टची बोटं १९६३ नंतरही तशीच चालतात, आणि त्या मुद्रणांत ती जास्त स्वच्छ ऐकू येतात.

## टप्पा ८: फोक आणि एलपीचा काळ

इथे काम सोपं होतं, कारण अल्बम हा अल्बम म्हणूनच केलेला असतो. तरी दोन ठिकाणी जपा.

वुडी गथ्री आणि लेड बेली हे एलपीच्या आधीचेच धरा. गथ्रीने १९४४ मध्ये मो ॲश (पुढे फोकवेज लेबल काढणारे) यांच्याकडे गाण्यांचा मोठा साठा मुद्रित केला, तो पुढची कित्येक दशकं वेगवेगळ्या अल्बमांतून झिरपत राहिला. त्याच्या बाबतीत अल्बम विसरा, तारीख धरा. लेड बेलीची १९४८ ची अखेरची मुद्रणं मात्र सलग ऐका. ती टेपवर घेतली आहेत, त्यामुळे तीन मिनिटांची अट नाही, आणि दोन गाण्यांमध्ये तो बोलतोही. पुढच्या वर्षी तो गेला. ही मुद्रणं तुकड्यांनी ऐकण्यात अर्थ नाही.

डिलनसाठी आधी १९६२ पासूनचे स्टुडिओ अल्बम क्रमाने. १९९१ पासून येत असलेले न प्रकाशित झालेल्या गाण्यांचे संच तोवर उघडायचे नाहीत. नंतर ते फोडून मुद्रणाच्या वर्षानुसार लावा.

हीच पद्धत आपल्या शाहिरांना लावायची इच्छा होईल. शाहीर साबळे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, जरूर लावा. फक्त मुद्रणाच्या तारखेवर अडून बसू नका. कॅसेटच्या कव्हरवर वर्ष असेलच असं नाही, कॅटलॉग नंबर मात्र सापडतो. तो मुख्य रकाना धरा आणि कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, कारण वादकांची नावं बारीक अक्षरांत आतल्या बाजूला असतात.

## टप्पा ९: पुढचा माणूस

यादीतला ‘सोबत कोण’ हा रकाना आता कामाला येतो. पुढचा गायक बाहेर शोधू नका, त्या रकान्यातून उचला. पॅटन झाला असेल तर १९३० मध्ये विस्कॉन्सिनातल्या ग्राफ्टनला त्याच्याबरोबर गेलेले सन हाउस आणि विली ब्राउन समोर उभेच आहेत. मडी वॉटर्स झाला असेल तर लिटल वॉल्टर किंवा ओटिस स्पॅन. साथीदार निवडलात की सुरुवातीलाच दोन पानं करा: स्वतःच्या नावावरची मुद्रणं एका पानावर, दुसऱ्यांमागे वाजवलेली दुसऱ्या पानावर. पहिलं पान संपेपर्यंत दुसरं उघडू नका.